त्याच घरातल्या चुलीवर

आमच्या वाडीत एक गोष्ट फक्त एकाच माणसाला ठाऊक आहे, आणि ते माणूस मी. आईला माहीत नाही. ज्यांचं नुकसान झालं त्यांना तर नाहीच नाही. आज तुम्हाला सांगते आहे — का, ते विचारू नका. मन हलकं व्हावं म्हणून नाही. माझं मन काही जड झालेलं नाही. मला झोप लागते, दोन घास जास्तच जातात. पण हल्ली लोक माझं फार कौतुक करायला लागलेत — पोर शिकली, पुण्याला गेली, पण वाडीला विसरली नाही वगैरे — आणि ते ऐकलं की माझं डोकं सणकतं. त्यांच्यावर नाही.

एक आधीच सांगून ठेवते. मी जे काम केलं ते चांगलं होतं. ते मी आजही पुन्हा करेन. या कबुलीच्या नावाखाली कुणी मला "तुमचं ते सॉफ्टवेअरच वाईट" असं शिकवायला आलं, तर त्याला मी पडवीतूनच परत पाठवेन. वाईट सॉफ्टवेअर नव्हतं. वाईट काय होतं, ते सांगतेच — जरा दम धरा. मलाही धरू द्या.

पुण्याच्या कंपनीत माझं कामच ते होतं. लोक मनाला येईल ते शब्द वस्तूंना चिकटवत सुटतात, ते सगळे उपटून काढायचे आणि सगळ्यांसाठी एकच ठरलेली यादी करायची. चिकटवायचं तर यादीतलंच लेबल. प्रत्येक लेबलाचा अर्थ लिहून ठेवलेला. आणि यादीला हात लावायचा अधिकार एकाच जागी. ऐकायला कंटाळवाणं आहे ना? आहेच. पण मला आवडायचं. पसारा आवरला की जे बरं वाटतं, ते.

मग घरून काम करायची सोय झाली आणि मी परत आले. आमची वाडी खाडी आणि समुद्र यांच्या मधल्या चिंचोळ्या पट्टीवर. एका घराआड एका घरात न्याहारी-निवासाच्या खोल्या. पाहुणे कुडाळ स्टेशनला उतरतात, तिथून रिक्षा. कुठं राहायचं हे मात्र गाडीत बसायच्या आधीच मोबाइलवर ठरलेलं असतं. म्हणून मी सगळ्या घरांसाठी मिळून एक बुकिंगची साइट केली. फुकट. सुरुवातीला ज्यानं त्यानं आपल्या घराला हवे ते टॅग लावायचे, अशी मोकळीक दिली होती. ती माझी चूक. म्हणजे साधी चूक — या कबुलीतली नव्हे.

काय काय लावलं लोकांनी! "घरगुती", "घरघुती", "घरच्यासारखं", "आईच्या हातचं", "मालवणी तडका". एकानं आपल्या घराला "डॉल्फिन" लावलं, कारण त्याच्या मेव्हण्याची होडी होती. एकानं "हनिमून" — त्या खोलीच्या भिंतीला लागून बकऱ्या बांधतात. एकानं तर "शाकाहारी" लावलं आणि देशावरच्या एका सोवळ्या कुटुंबापुढं कोलंबीची आमटी ठेवली. मी जाब विचारला तर मलाच म्हणतो, "भात शाकाहारीच आसता मां?" शेजारच्या घराचे टॅग सगळेच्या सगळे उचलून आपल्याला चिकटवणारेही होते. पाहुण्यांनी काय शोधायचं यातून, कपाळ?

म्हणून ठरलेली लेबलं आणायची हे बरोबरच होतं. हे मी छातीठोक सांगते.

आता — माडातलं घर.

आमच्या घरापासून हाकेच्या अंतरावर माडांमध्ये तीन भावांचं एक लांबोडकं घर आहे. थोरला भाऊ वारला. त्याची बायको आक्का, मूलबाळ नाही. मग वाटण्या झाल्या. मधल्याला आणि धाकट्याला पाहुण्यांना देता येतील अशा खोल्या आल्या, आणि आक्काच्या वाट्याला आलं ते स्वयंपाकघर. तुम्ही म्हणाल, फसवलं बिचारीला. तसं नव्हतं हो. तिनंच मागून घेतलं. कागदावर घराची तीन घरं झाली, पण चूल एकच राहिली — आक्काची. तिघी जावा तिच्यावर रांधायच्या. मधली मासे साफ करायची, धाकटी खोबरं खवायची, मसाल्याचं वाटप आणि फोडणी आक्काकडे. दोन्ही घरांचे पाहुणे तिच्याच पडवीत एका पंगतीला बसायचे. वाटण्या होऊनही चूल न फुटलेलं घर आमच्या पट्टीत तेवढंच. लोक उदाहरण द्यायचे.

उदाहरण कुणाला द्यायचे? तर आम्हाला. आमचं घर नेमकं उलट. माझ्या बाबांची आणि काकांची वाटणी राहिली बाजूला, आधी आई आणि काकी यांच्यात पाट्या-वरवंट्यावरून जुंपली. कुणी ठेवायचा, एवढंच. शेवटी दोघींना दोन मिक्सर आले, पाटा खळ्यात पावसात भिजत पडला आणि पडवीच्या मधोमध भिंत उभी राहिली. आजही एकमेकींशी बोलत नाहीत. मी लहान असताना दोघींची कडाक्याची झाली की दोन्ही चुली विझायच्या. तेव्हा मी कुठं जायची? माडातल्या घरी. आक्का काही विचारायची नाही. पेज वाढायची, वर भाजलेल्या सुक्या बांगड्याचा तुकडा, आणि मी जेवेपर्यंत समोर बसून राहायची. हे तुम्हाला माहीत असलेलं बरं. म्हणजे मी कुणाशी काय केलं ते नीट कळेल.

खोल्या सुरू केल्या त्या पहिल्या हंगामात आमच्याकडे पाहुणे आले, आणि जेवायला माडातल्या घरी जायला लागले. वास जायचा ना त्यांच्यापर्यंत. तिरफळं घातलेल्या बांगड्याच्या आमटीला कुंपण कुठलं? आधी एक कुटुंब गेलं, मग त्यांनी दुसऱ्यांना सांगितलं. एक बाई निघताना माझ्या आईला अगदी प्रेमानं म्हणाल्या, पुढच्या वेळी राहू तुमच्याकडेच, पण जेवू तिकडे. आई हसली. रिक्षा वळणाआड गेली आणि तिनं दुपारसाठी केलेलं कोंबडीचं अख्खं भांडं उचलून माडाच्या बुंध्यात ओतलं. "ह्यांका थंयचाच जेवाण व्हया, तर रवाक हंय कित्याक येतत?" मला विचारलं नव्हतं. भिंतीला विचारलं असावं, पलीकडे काकी ऐकत असणार म्हणून.

तर, आईसाठी केलं असं म्हणू? सोपं आहे. आई म्हटलं की सगळे विरघळतात. पण आईनं मला काहीही करायला सांगितलेलं नव्हतं. तिनं भांडं ओतलं, रडली, संध्याकाळी पुन्हा भात टाकला. तिचा राग तिथंच संपला. माझा नाही संपला. का? कारण त्या बाईंचं खरं होतं. आक्काचं जेवण आईच्यापेक्षा चांगलंच होतं, आणि हे आमच्या घरात माझ्याइतकं कुणाला ठाऊक होतं? मी तर त्याच्यावर वाढले होते. मला त्या घराचा राग आला — ज्या घरानं मला कधी उपाशी ठेवलं नाही, त्या घराचा. एक चूल, एक पंगत, तिघी जावा हसत काम करतायत. काय एवढं गोड लागून गेलं यांना, असं वाटायचं. मत्सर म्हणतात त्याला. मत्सरच होता. दुसरं नाव देत नाही.

पावसाळ्यात, मासेमारी बंद असते आणि खोल्या ओस पडतात त्या दिवसांत, मी लेबलांची यादी लिहायला बसले. प्रत्येकासमोर अर्थ. "एसी" म्हणजे काय, "समुद्रासमोर" म्हणजे काय. मग आलं "घरगुती जेवण". सगळ्यात जास्त तेच शोधलं जायचं. लोक समुद्रासाठी येतात म्हणतात, पण येतात जेवायला. त्यापुढं मी लिहिलं — पाहुणा ज्या घरात राहतो, त्याच घरातल्या चुलीवर, त्याच घरातल्या माणसानं रांधलेलं जेवण. गॅस असला तरी चालेल, असंही लिहिलं. फार उदार झाले होते मी.

वाचा पुन्हा. काही खटकतं का? नाही ना? मी तेच बघत होते. तीन वेगवेगळ्या तऱ्हांनी लिहून पाहिलं, खोडलं, आणि जे कुणालाच खटकणार नाही ते ठेवलं. कागदावर माडातल्या घराची तीन घरं होती. खोल्या दोन घरांत, चूल तिसऱ्यात. माझ्या या एका वाक्यात पट्टीवरची सगळी घरं बसत होती — बसत नव्हती ती नेमकी तेवढीच दोन. हे योगायोगानं झालं नाही. त्यांना बाहेर ठेवायलाच मी ते वाक्य लिहिलं. झालं, सांगितलं. आणि गंमत बघा — आमचं घर, जिथं एका छपराखाली दोन बायका एकमेकींचं तोंड बघत नाहीत, ते त्या वाक्यात चपखल बसत होतं. आम्हाला "घरगुती".

मग सगळ्यांची बैठक झाली, आमच्याच पडवीत. दोरीवर चादर टांगून त्यावर मी यादी दाखवली. "समुद्रासमोर" यावर एवढी हमरीतुमरी झाली की चहा दोनदा करावा लागला. मधे रस्ता आला तर समोर म्हणायचं की नाही? माड आला तर? "घरगुती जेवण" मात्र मी झरझर वाचलं आणि लगेच जोडून म्हणाले की काही लोक बाजारातल्या खानावळीतून डबे आणून घरचं म्हणून वाढतात, त्याला आळा बसेल. हे खोटं होतं का? नाही, तसे लोक होते. म्हणूनच तर उपयोगी पडले. खऱ्या गोष्टीच्या पदराआड लपणं सोपं जातं. सगळ्यांनी माना डोलावल्या. कडेला खांबाला टेकून आक्का बसली होती. ती म्हणाली, "बरा लिवलंस गो बाय. भायरचा हाडून घरचा म्हणान घालतत, तां बंद होवक व्हया."

तिच्या मनात आलंही नाही. येणार कसं? आपलं घर एकाचं तीन झालंय हे तिनं कधी धरलंच नव्हतं. तेव्हा मी थांबू शकले असते. एक शब्द बदलायचा होता. मी पुढचं लेबल दाखवलं.

जुने टॅग गेले, नवी लेबलं आली. दिवाळीनंतर पाहुण्यांचा ओघ सुरू झाला तो आमच्याकडे, इतरांकडे. माडातल्या घराकडे चुकून कुणी वळलं तर. ते घर साइटवरच्या शोधात येतच नव्हतं. आक्काच्या पडवीत पंगतच बसेना, तेव्हा आमचे पाहुणे तरी तिकडे कशाला जातील? आईचं जेवण संपायला लागलं. तिचा चेहरा उजळला, खोटं कशाला बोलू, मलाही बरं वाटलं. चांगलंच बरं वाटलं.

मग एक दिवस मधली आली. "आमचा नाव खंय दिसणा नाय गो." भांडायला नव्हती आली; आपलंच काहीतरी चुकलं असेल अशा चेहऱ्यानं आली होती. आणि इथं — वाक्य लिहिलं त्यापेक्षाही इथं — मी जे केलं ते मला सांगायचं आहे. मी लॅपटॉप उघडला, दोन-चार ठिकाणी उगाच बोट फिरवलं आणि म्हणाले की सिस्टीम घेत नाही, वहिनी. तुमच्या घरात चूल दिसत नाही म्हणते. सिस्टीम! ती सिस्टीम म्हणजे कोण होतं? तिच्यासमोर खुर्चीत बसलेली मीच. मधलीनं विचारलं, मग काय करायचं? मी म्हटलं, तुमच्या घरात तुमची वेगळी चूल घाला, लेबल आपोआप येईल.

चूल वेगळी घाला. आमच्याकडे हे कुणी कुणाला सहज म्हणत नाही. भावकीत आग लावणारा माणूससुद्धा आडवळणानं म्हणतो. मी मदत केल्यासारखं म्हणाले.

तिनं गॅस आणला. ते बघून धाकटीनं आणला. दोघींना लेबल मिळालं, त्याच दिवशी, मी स्वतः तपासलं. दोघींकडे पाहुणे आले. मग दोन गॅस, दोन वाटपं, दारावर मासेवाली आली की पहिली हाक कुणी मारायची यावरून कुरबूर. कुणाचा पाहुणा कुणी पळवला. कुणाची सोलकढी पातळ. शिमग्याला दोघी एकमेकींच्या दारात गेल्या नाहीत. आता मधे पत्रे लागलेत, भिंतही होईल. आणि आक्का? तिच्याकडे खोली नव्हती, पाहुणा नव्हता, लेबल कशाला लागणार? तिच्याकडे एक चूल होती, तिची कुणाला गरज राहिली नाही. दोघींनी तिच्या जेवणाची पाळी लावली. एक महिना मधलीकडे, एक महिना धाकटीकडे. जिनं सगळ्या वाडीला वाढलं, ती आता पाळीनं जेवते.

आता तुमच्या मनात आलेलं मी ओळखते. चूल कधी ना कधी फुटतेच, असं म्हणाल. तीन जावा किती दिवस नांदणार? वाडीत सगळे हेच म्हणतात, आणि म्हणताना त्यांना जरा बरंही वाटतं — बघा, त्यांचंही आमच्यासारखंच झालं. मला ते औषध नको. फुटली असती की नाही, मला माहीत नाही. तुम्हालाही नाही. फोडली कुणी, ते मला माहीत आहे. दुसरं कुणी म्हणेल, बाई, तू एक वाक्य लिहिलंस, वागले ते लोक. बरोबर. पण लोक कसे वागतील हे कळावं म्हणूनच तर कंपनी मला पगार देत होती.

मी ते वाक्य बदललं. हो, बदललं. पुढच्या पावसाळ्यात, कुणाला न विचारता, "किंवा सामायिक चुलीवर" असे शब्द घातले. त्याच घरातल्या किंवा सामायिक चुलीवर, घरातल्याच माणसानं. मग मधलीकडे गेले आणि सहज सांगावं तसं म्हटलं, आता एकत्र रांधलं तरी चालतं बरं का, लेबल राहतं. ती कांदा चिरत होती. मान वर न करता म्हणाली, "आता कित्याक गो? माझा माझा बरा आसा." मी परत आले. एवढंच. शब्द सुधारता येतात, आणि सुधारल्यावर आपल्याला वाटतं की आपण काहीतरी केलं.

आक्काला मी हे सांगितलेलं नाही. सांगणारही नाही. सांगितलं तर ती काय करेल मला ठाऊक आहे — माझ्या डोक्यावरून हात फिरवेल आणि म्हणेल, जाऊ दे. ते मला नको. मी माफीसाठी हे सांगत नाही, आणि ती मला फुकटात मिळावी असंही नाही. तुमच्याकडूनही नको.

गेल्या हंगामात आईचे गुडघे गेले. उभं राहवेना. खोल्या तर भरलेल्या. आईचं डोकं अशा वेळी फार व्यवहारी चालतं. तिनं सरळ आक्काला बोलावलं. मदतीला ये, म्हणाली, तुझाही वेळ जाईल. आक्का आली. सकाळी येते, दुपारची भांडी आवरली की जाते. आमच्या चुलीवर आता वाटप तिचं, फोडणी तिची. येता-जाता मला विचारते, जेवलंस मां? मी हो म्हणते.

परवा पुण्याकडचे पाहुणे होते. बांगड्याची आमटी भुरकून भुरकून खाल्ली, वर मागून घेतली. कुणी केली म्हणून विचारलं. आई खुर्चीत बसली होती. म्हणाली, "घरचंच आहे हो सगळं." आक्का मागल्या दारी नारळ सोलत होती; तिला ऐकू गेलं. तिनं वर पाहिलं नाही. पाहुण्यांनी तिथंच फोन काढून आमच्या जेवणावर भरभरून लिहिलं आणि मला दाखवलं.

मी आत येऊन यादी उघडली. आमच्या घराच्या नावापुढं "घरगुती जेवण" हे लेबल आहे. घरातल्याच माणसानं रांधलेलं, असा त्याचा अर्थ मीच लिहून ठेवलाय. त्या हिशेबानं ते आमच्याकडे राहता कामा नये. काढायचा अधिकार फक्त मला आहे, आणि काढायला एक टिचकी पुरते.

मी ते काढलेलं नाही.